माझं नाक आणि सुनेचा हात

उकळत्या कालवणाचा टोप मी सुनेच्या अंगावर ढकलला.

तो घसरला नाही, चुकून धक्काही लागला नाही. मी हात पुढे केला आणि ढकलला. बांगड्याचं लाल कालवण तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पडलं, उरलेलं लादीवर. ती ओरडली. मग ओरडणं थांबवून तिने हात नळाखाली धरला आणि दात आवळून म्हणाली, "आई, गॅस बंद करा."

मी केला नाही. मला वाटलं, मला गॅसकडे वळवून ही माझ्या हातातली वही हिसकावणार. माझ्या दुसऱ्या हातात तिची वही होती, शाळेतल्या पोरांची असते तशी शंभर पानी.

"कवा कवा दिलंस त्ये लिवून ठेवतेस काय?" मी म्हटलं. "सकाली धा वाजून धा मिन्टं. चावलं. अर्धा मिनिट. मना वाचता येतंय. चौथी शिकलेली हाय मी."

"आई, गॅस."

शेवटी तिनेच उजव्या हाताने बटण फिरवलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. मुलगा तुर्भ्याला कारखान्यात कामावर गेलेला. घरात आम्ही दोघीच होतो. तिच्या हाताची कातडी वर आली होती आणि मी त्याकडे न बघता वही पदराखाली लपवत होते.

मी करावे गावची. पंचेचाळीस वर्षं मासळी विकली. आधी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार, नंतर मार्केटात जागा मिळाली तेव्हा तिथे. या धंद्यात नाक हेच हत्यार. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, बोटाने दाबून बघतं. पण कल्ल्यांना रंग लावता येतो, आणि बर्फात ठेवलेला शिळा मासाही बोटाला कडक लागतो. नाकाला मात्र फसवता येत नाही, असं मी मानायची. शेजारच्या जागेवर बसणारी माझी मैत्रीण पेटी फोडायच्या आधी मला हाक मारायची, "बाय, जरा वास घे गो." एकदा टेम्पोतून आलेल्या मासळीला टिकावी म्हणून औषध मारलेलं होतं. बाकी कुणाला कळलं नाही, मला लांबूनच कळलं. मी टेम्पो परत पाठवला. दोन दिवसांनी तीच मासळी दुसऱ्या मार्केटात पकडली गेली, आणि माझ्या नाकाचं नाव झालं.

तेव्हापासून गावात लग्नाची हळद असली की रश्शाचा मोठा टोप चुलीवरून उतरवायच्या आधी मला बोलावतात. मी वास घ्यायचा, पळीतलं बोटभर चाखायचं, मान हलवायची. मगच पंगत बसते. हा माझा मान. त्यासाठी कुणी पत्रिका देवो न देवो, मी जायची.

सून साताऱ्याकडची. मुलाने स्वतः जमवली. सानपाड्याला मेडिकलच्या दुकानात ती गोळ्या द्यायला उभी असायची, हा खोकल्याचं औषध घ्यायला गेला आणि खोकला बरा झाला तरी जात राहिला. लग्नानंतर ती पहिल्यांदा घरात आली त्या दिवशी मी मागच्या दारी खाडीतले मासे, निवट्या, साफ करत होते. तिने पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला. एवढंच. पुढे ती मासे साफ करायला शिकली, बांगड्याचं कालवण माझ्यासारखं करायला लागली. पण तो रुमाल मी विसरले नाही.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि वास आला. औषध मारलेल्या मासळीचा, आणि त्यात जळलेलं रबर. नाकात, घशात, जिभेच्या मुळाशी. दहा अंक मोजेपर्यंत राहिला आणि गेला. त्याच्या जरा आधी भीती आली होती. ती पोटातून निघून छातीतून वर चढली. मी पंधरा वर्षांची असताना आमची होडी खाडीत कलंडली होती, तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा निदान पाणी दिसत होतं. इथे समोर चहा होता आणि चहा देणारी सून.

भीती वाटली की माणूस कारण शोधतं. माझ्या समोर कारण उभंच होतं. मेडिकलमध्ये काम करतं, गोळ्या हाताळतं, आणि पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतं.

मी लगेच कुणाला काही बोलले नाही. "घरात वास येतो," एवढंच म्हटलं. मुलाने मोरीची जाळी उघडून घेतली. गॅसवाल्याला बोलावून नळी बदलली. फ्रिज रिकामा करून सोड्याने पुसला. शेजारणी आल्या, त्यांनी नाकं वर करून हुंगलं आणि म्हणाल्या, "येतो गो, जरासा येतो." माझी मैत्रीण आली, तिने स्वयंपाकघरात उभं राहून लांब श्वास घेतला. म्हणाली, "औषधासारखाच." माझं नाक चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग आपलं नाक बसलंय हे कोण कबूल करणार? मुलगा म्हणाला, "मला सर्दी झालीय बहुतेक."

सून एकटी म्हणाली, "आई, मला नाही येत वास."

सगळ्यांना येतो आणि हिलाच येत नाही. मी मनात गाठ बांधली.

त्यानंतर मी सापळे लावायला लागले. मिठाच्या डब्याच्या झाकणाला माझा पांढरा केस थुंकी लावून चिकटवायची. डबा उघडला तर केस निघणार. संध्याकाळी बघितलं तर केस जागच्या जागी, आणि तरी जेवताना वास आला. मी म्हटलं, हुशार आहे, उघडते आणि परत चिकटवते. मी माझा भात वेगळा शिजवायला लागले, माझं पाणी वेगळ्या कळशीत. वास आला. मग केळी खाल्ली, सालीसकट आणलेली. केळ्यालाही वास. मी साल उजेडात धरून सुईचं भोक शोधलं. सापडलं नाही, तर म्हटलं, मेडिकलमधल्या सुया बारीक असतात.

आता हे लिहिताना मला दिसतं की एकही सापळा तिला सोडवण्यासाठी लावलेला नव्हता. केस तुटला असता तर ती दोषी, नाही तुटला तर जास्त दोषी. तेव्हा मात्र मला मी फार चलाख वाटत होते.

ती माझ्याकडे बघायची, हेही मी पकडलं होतं. मी जेवत असले की बघायची, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग आत जायची. एकदा माझ्यासमोर वाकून म्हणाली, "आई, आत्ता काय झालं?"

"काय झालं?"

"मी हाक मारत होते तुम्हाला."

"मना आयकू नाय आली. बहिरी झाली काय मी?"

"नाही. राहू द्या."

काही दिवस मी गप्प बसले. मग मार्केटात मैत्रिणीला सांगितलं, आणि तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. थंडीत शेजारच्या गल्लीत हळद होती. मांडवात बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. सून त्यांच्यात जाऊन बसली, उंडा हातात घेतला. एक बाई म्हणाली, "तू ऱ्हा गो बसून. कामावरून दमून आली असशील." आणि तिच्या हातातला उंडा काढून घेतला. कुणी भांडलं नाही, कुणी नाव घेतलं नाही. ती सगळी संध्याकाळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. मी टोपाशी उभी राहून रश्शाचा वास घेतला, मान हलवली आणि तिच्याकडे बघितलं. मला बरं वाटलं होतं. हे खोटं कशाला लिहू?

तिच्या भावाचा साताऱ्याहून फोन आला, निघून ये म्हणून. मुलगा म्हणाला, आपण कोपरखैरण्याला खोली घेऊ. मी दाराआड उभी राहून ऐकलं. ती म्हणाली, "एवढ्यात नको. आधी मला नीट बघू द्या."

काय बघायचं होतं हिला? म्हातारी किती दिवस टिकते ते?

मग वही सापडली, मसाल्याच्या डब्यांच्या मागे. तिचं अक्षर गोल आणि बारीक. मी बोट फिरवत एकेक ओळ वाचली. "सकाळी १०.१०. चावलं. अर्धा मिनिट. नंतर वास म्हणाल्या." "दुपारी १.४०. पदर ओढला. हाकेला ओ नाही." पानंच्या पानं. मी काय समजायचं ते समजले. बाहेर आले तेव्हा ती कालवणात कोकम टाकत होती. पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

दवाखान्यात जाताना रिक्षात ती ओला टॉवेल हातावर धरून बसली आणि मी तिच्या शेजारी. मी काळजीने गेले नाही. मी नसले तर ही तिथे काय सांगेल, याची भीती होती. वही मी पुरावा म्हणून सोबत घेतली होती.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, "कसं भाजलं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझ्याच हातून सांडलं."

मला धक्का बसला, पण बरं नाही वाटलं. मी इतकी वर्षं बाजारात बसले आहे. कुणी आपल्यासाठी उगाच खोटं बोलत नाही. ही आता माझ्याकडून काय मागणार?

पट्टी बांधून झाल्यावर तिने माझ्याकडे उजवा हात पुढे केला. "आई, वही द्या. चार वाजता मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी आठवड्यापूर्वीच वेळ घेतलीय तुमची."

"माजी? मना काय झालंय?"

"तेच विचारायला जायचंय."

"मना येडी ठरवायला बगतेस."

"तुम्ही वेड्या असता तर सोपं झालं असतं माझं," ती म्हणाली. "तुम्ही एकदम शहाण्या आहात आणि मध्येच अर्धा मिनिट नसता." मग ओला टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, "चला आता. माझा हात आग आग करतोय, मला भांडायला लावू नका."

डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वही सावकाश वाचली. मग सुनेला बाहेर बसायला सांगितलं. मला आवडलं. मग विचारलं, "वास यायच्या आधी पोटातून काही वर येतं का?"

हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला नाही, मैत्रिणीला नाही. वहीतही नव्हतं, मी सगळी वाचली होती. हिला कुणी सांगितलं?

"तुमाला कोनी सांगितलं?"

"असं होणारे पुष्कळ लोक येतात माझ्याकडे."

"सगल्यांच्या सुना औषध घालतात?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणाला वाटतं शेजारी धूर सोडतो. कोणाला वाटतं पाण्यात काही आहे. तपासू आपण. तपासलं की कळेल."

चार दिवसांनी तपासणी होती. मी एक अट घातली. सून खोलीत नको, खोलीबाहेरच्या बाकावरही नको, खाली दरवाजापाशी बसू दे. आणि मी सकाळपासून माझ्या हातचा भात सोडून काही खाणार नाही. मिठाच्या डब्यावरच्या केसापेक्षा हा सापळा पक्का होता. दार बंद, खिडकी बंद, खायला काही नाही, ती तीन मजले खाली. आता वास येणार नाही आणि सगळ्यांना दिसेल की वास कुणामुळे येतो.

मशीनवाल्या मुलीने माझे केस बाजूला करून डोक्यावर लगद्याने तारा चिकटवल्या. वीसेक तारा असतील. लगद्याला वास नव्हता, मी हुंगून बघितलं. "ह्यातून करंट सोडनार काय?" मी विचारलं.

"नाही आजी. तुमच्या डोक्यात चालू असतो तो लिहून घेणार."

"माज्या डोक्यात करंट?"

"सगळ्यांच्याच असतो."

समोर कॅमेरा होता. मी पडून राहिले. एक तास गेला, दुसरा गेला. माझा डोळा लागत होता तोच पोटातून ते निघालं. मग वास. औषध आणि जळलेलं रबर, रोजचाच. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ही मुलगी तारांतून काहीतरी सोडतेय. सुनेने हिला फितवलं. सून हाताशी नव्हती, तर माझ्या मनाने दोन क्षणांत दुसरी शोधली.

मग मुलगी माझ्यावर वाकलेली दिसली. "आजी, आत्ता काही झालं का तुम्हाला?"

मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तरी तिला कळलं. कारण ते तिच्या पडद्यावर आलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी मला तो व्हिडिओ दाखवला. खाटेवर एक म्हातारी पडलेली, डोक्याला तारा. तिचे डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत. ती रिकामं तोंड चावते. तोंडात काही नाही आणि चावते, ओठ मिटक्या मारतात. उजवा हात पदर ओढतो, सोडतो, ओढतो. मुलगी दोनदा "आजी" म्हणते, म्हातारी ओ देत नाही. मग डोळे फिरतात आणि ती संशयाने त्या मुलीकडे बघते. त्या बघण्यापासून पुढचं सगळं मला आठवत होतं. त्याआधीचं चावणं, पदर ओढणं, काही नाही. अर्धा मिनिट मी तिथे नव्हते आणि माझं तोंड जेवत होतं.

सुनेच्या वहीत "चावलं" लिहिलं होतं ते हे.

व्हिडिओच्या शेजारी रेघा होत्या. सगळ्या रेघा खाडीतल्या पाण्यासारख्या बारीक हलत होत्या आणि मी चावायला लागायच्या जरा आधी कानाजवळच्या तीन-चार रेघा एकाएकी टोकदार होऊन उड्या मारायला लागल्या. मी भांडले. म्हटलं, माझ्या नाकाला वास येतो, मी खोटं बोलत नाही.

"खोटं नाहीच," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "वास येतोच तुम्हाला. नाक नुसतं खबर आणतं, वास आत तयार होतो. आत त्या जागी आपोआप ठिणगी पडली तर खबर न येताही वास येतो, अगदी खरा. आणि भीती जिथे तयार होते ती जागा त्याच्या शेजारीच आहे. ठिणगी तिकडेही जाते."

मी विचार केला. शेजारच्या जागेवर भांडण झालं तर माझ्या पाट्याही उलटतात, हे मला मार्केटात कळतं. डोक्यात का नसेल?

"म्हंजे मी घाबरायची त्ये उगाच?"

"भीतीही खरीच. फक्त तिला बाहेर कारण नव्हतं."

मग मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला. उजव्या कानाच्या आत खोल, वाटाण्यापेक्षा लहान, एक पांढरा डाग होता. जुना. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हा बहुधा एका जंताचा डाग आहे. त्याची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात आणि तिथून डोक्यात पोचतात. जंत कधीच मेला, खूण राहिली. त्या खुणेच्या कडेला आता ठिणग्या पडतात. त्यांनी विचारलं, "कच्चं काही खायची सवय?"

मार्केटात माझ्या समोर भाजीवाली बसायची. दुपारी भूक लागली की मी तिच्या टोपलीतला मुळा उचलायची, पदराला पुसायची आणि खायची. कधी काकडी, कधी गाजर. पंचेचाळीस वर्षं. मातीचा कण दाताखाली आला तर थुंकायची.

म्हणजे माझ्या खाण्यात खरंच काहीतरी गेलं होतं. मी म्हणत होते ते खरं निघालं. फक्त घालणारा हात माझा होता.

डॉक्टरीण बाईंनी त्याच बैठकीत सुनेच्या पट्टीकडे बघून आणखी एक विचारलं. "सुनेचा हात भाजला तेव्हा वास आला होता का?" सून दारात उभी होती. ती लगेच म्हणाली, "हो, आला असणार. त्यांना नंतर आठवत नाही." तिने माझ्यासाठी वाट करून ठेवली होती. मी त्या वाटेने जाऊ शकत होते.

वास आला नव्हता. भीतीही आली नव्हती. मी पूर्ण शुद्धीत होते, मला टोपाची कड किती गरम लागली तेही आठवतं. ठिणगीने मला भीती दिली. त्या भीतीला सुनेचं नाव मी दिलं, आणि ते नाव माझ्याकडे तयार होतं, रुमालापासून. हात तर मीच पुढे केला.

"नाय," मी म्हटलं. "तवा वास नवता."

सून माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरीण बाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं.

गोळ्या सुरू झाल्या. सानपाड्याच्या त्या मेडिकलमधून आणायच्या नाहीत, असं मी मुलाला सांगितलं.

"आये, आता तरी बस कर," तो म्हणाला.

"बस नाय होत," मी म्हटलं. "आपोआप नाय होत त्ये."

तेच खरं होतं. मला सगळं समजलं होतं, रेघा बघितल्या होत्या, तरी तिने पाण्याचा पेला दिला की मी आधी हुंगायची. पहिले पंधरा दिवस वास रोज आला, मग दिवसाआड. अक्षय्य तृतीयेपर्यंत वास थांबला. तरी हुंगणं गेलं नाही. त्याला गोळी नाही, मी विचारलं होतं.

एक दिवस सुनेचा पट्टी सोडलेला हात मी जवळून बघितला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी आणि चकचकीत, आवळून आलेली. मूठ पुरती वळत नव्हती. तिचा भाऊ येऊन गेला होता, बॅग भरायला सांगून गेला होता. ती बॅग भरलेली होती, पलंगाखाली. मी केर काढताना बघितली. तिने भरली आणि ठेवली, नेली नाही. मी विचारलं, "जानार हायस?"

"ठरलं नाही," ती म्हणाली. "तुमची तब्येत बघून थांबले होते. आता तुम्ही बऱ्या आहात. आता माझं मी बघणार."

"म्हंजे?"

"म्हणजे गावात मी अजून विष घालणारीच आहे, आई. तुमचा वास गेला. माझा नाही गेला."

बोलून होणारं ते काम नव्हतं.

वैशाखात आमच्याच गल्लीत हळद होती. बोलावणं आलं. मी सुनेला म्हटलं, चल. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "खुर्चीवर बस, पन चल." मांडवात रश्शाचा टोप रटरटत होता. पळी माझ्या हातात दिली. पंचवीस-तीस बायका असतील. माझी मैत्रीण म्हणाली, "बगा गो, आली नाकवाली. आता पंगत बसंल."

मी पळी घेतली आणि सुनेच्या हातात दिली.

"ही चाखंल."

मग मैत्रीण हळूच म्हणाली, "हिच्या हातानी गो?"

"हिच्या हाताला काय झालंय त्ये मी सांगते," मी म्हटलं. "हिने सांडला नाय टोप. मी टाकला हिच्या अंगावर. शुद्धीत टाकला. हिने जेवनात कदी काय घातलं नवतं. माज्या डोस्क्यात डाग हाय, त्याचा वास यायचा. फोटो हाय घरी, कोनाला बगायचा असंल तर या."

"पन मना बी आला होता वास," मैत्रीण म्हणाली. ती चिडली होती.

"तुला नवता आला. तू मना घाबरलीस."

तिला राग आला. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. बाकीच्या बायकांना माझं किती पटलं कोण जाणे. दोघी-तिघींच्या नजरेत मला दिसलं की आता त्या मला वेडी समजतात आणि सुनेवरचा संशयही ठेवून देतात, दोन्ही. संशय असाच असतो, मला शिकवायची गरज नाही. पण सगळ्या ऐकत होत्या, आणि मी सांगितलं ते परत घेता येणार नव्हतं.

सुनेने पळीतला रस्सा फुंकला, चाखला. तिच्या नाकाला रुमाल नव्हता. पंगतीची पळी जड होती, एकट्या उजव्या हाताला पेलेना, म्हणून तिने आवळलेला डावा हातही खाली लावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मीठ कमीच होतं. ज्या बाईने हिवाळ्यात तिच्या हातातला उंडा काढून घेतला होता तिनेच मिठाचा डबा आणला.

बॅग अजून पलंगाखाली आहे. रिकामी की भरलेली, मी उघडून बघितलेली नाही. मार्केटात मी आठवड्यातून दोनदा बसते. बांगडा ताजा की शिळा हे मला आजही लांबून कळतं, पण आता मी आधी कल्ले उघडते, बोटाने दाबते आणि मग बोलते. घरी मी गॅसजवळ गेले की सून एक पाऊल मागे सरते. मला दिसतं.

त्या दुपारी घरात आम्ही दोघी होतो. आजही दुपारी दोघीच असतो. हात तिचा भाजला.